काळीला कागद, पांढरीला कब्जा : वऱ्हाडातील वाड्याची आणि त्याच्या मालकीची कहाणी

१/
वाशिम जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात शेतकऱ्याला विचारावे, "हे शेत कोणाचे?" तो सातबारा काढून दाखवतो. मग विचारावे, "आणि हा वाडा?" तो जरासा थांबतो आणि म्हणतो, "आमचाच. पणजोबांपासून आहे." कागद मात्र निघत नाही, निघालाच तर घरपट्टीची पावती निघते. दीडशे वर्षांहून अधिक काळ शेताचा बांध न् बांध मोजणाऱ्या राज्यव्यवस्थेने गावातल्या घराची मालकी का लिहून ठेवली नाही, आणि न लिहिल्याने त्या घरांचे व त्यांत राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हे आज सविस्तर पाहू.

२/
प्रारंभ दोन शब्दांपासून करावा लागेल : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचा उल्लेख या जोडीनेच येतो. काळीत माणूस राबतो, पांढरीत राहतो. गावाच्या सामाजिक जीवनालाही 'पांढरी' हेच नाव होते. वऱ्हाडातील वाडा समजून घ्यायचा तर तो पांढरीवर उभा आहे, ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी. त्याची बांधणी आणि त्याची मालकी या दोहोंचे मूळ तिथे आहे.

३/
वस्तीसाठी पांढरी का? काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर घातलेला पाया दोन-चार पावसाळ्यांत हलतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून गाव वसले ते थोड्या उंचवट्यावर, मुरमाच्या किंवा पांढुरक्या मातीच्या जागी. शेती चांगल्या काळ्या जमिनीत आणि घर तिच्याबाहेर, हा विभाग निसर्गानेच घालून दिला.

४/
या पांढऱ्या मातीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. अनेक ठिकाणी ती नुसती नैसर्गिक माती नसते. पिढ्यान् पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीतील राख, शेण, भुसा यांचे थर साचून गावाखालचे टेकाड तयार झालेले असते. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ जुन्या वसाहतीचा शोध घेताना अशी पांढरीची टेकाडे पाहतात. हीच माती खणून, भिजवून, तुडवून नव्या भिंती उभ्या राहिल्या. वाड्याच्या भिंतीत आधीच्या किती घरांची माती आहे, हे कोणालाच सांगता यायचे नाही.

५/
तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. तिथे पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याचे घर शेतजमिनीतच असते. घर, धान्याचे कोठार आणि भोवतीची शेते मिळून एक मिळकत. ती विकली, गहाण पडली किंवा वारसाकडे गेली की घर आणि शेत एकाच दस्तात येते. त्यामुळे तीन-चारशे वर्षांच्या घराचे मालक क्रमाने सांगणारे इतिहासलेखन तिथे शक्य होते. जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरात नोंदवलेली कुळवहिवाटीची जुनी पद्धत १ जानेवारी १९२६ रोजी संपली, तरी ती दप्तरे उरली. ओक वृक्षाच्या तुळईतील वर्तुळे मोजून घराचे वयही काढता येते.

६/
वऱ्हाडात शेत आणि घर यांची अशी गाठ कधीच नव्हती. शेत गावापासून कोस-दीड कोसावर. तिथे फार तर राखणीची झोपडी आणि मचाण. घर गावात, भाऊबंदांच्या घरांना भिंत लावून. शेत एका कायद्याखाली, घर दुसऱ्या रिवाजाखाली. म्हणून येथील घराचा इतिहास दस्तऐवजात थोडा आणि भिंतींत जास्त सापडतो. तेव्हा आधी त्या भिंती पाहू.

७/
वऱ्हाडी वाड्याचे जोते काळ्या दगडाचे असते. दख्खनच्या लाव्हारसाचा हा दगड सर्वत्र मिळतो. सधन घरी तो घडीव, इतरत्र ओबडधोबड. जोत्यावर पांढऱ्या मातीची जाड भिंत. तिची रुंदी पाहून परका माणूस चकित होतो. कित्येकदा भिंतीच्या जाडीतच कोनाडे, फडताळे आणि माडीवर जाणारा अरुंद जिना बसवलेला असतो. मे महिन्यात बाहेर अंग भाजत असताना आतील माजघर थंड राहते, ते या जाडीमुळे.

८/
भिंत जाड असली तरी छताचा भार मुख्यतः सागवानी खांबांवर येतो. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घराचा आकार हात-फुटांपेक्षा खणांत सांगण्याची रीत होती. खांबांवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडांची दाट मांडणी, तिच्यावर पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पाणी अडवणाऱ्या पांढऱ्या मातीचा थर. हे झाले धाबे. जिथे उतरते छप्पर केले तिथे कवेलू आले. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकावी लागते. हे काम एक वर्ष चुकले की गळती सुरू होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा मालकीशी संबंध येणार आहे.

९/
आता आत जाऊ. मोठ्या दरवाजाला लहान दिंडी. आत शिरताच दोन्ही बाजूंना उंच बैठका असलेली ढेलज. तिच्यापुढे उघडा चौक. चौकाभोवती ओसरी आणि सोपा. त्यामागे अंधारे, सुरक्षित माजघर. त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर. मागे परसू, न्हाणी, पुष्कळ वाड्यांत स्वतःचा आड. गुराढोरांचा कोठा वाड्याच्या एका अंगाला किंवा समोर. बैलजोडी घरच्या माणसांच्या नजरेपलीकडे बांधली जात नसे.

१०/
हे शेतकऱ्याचे घर असल्याची खूण म्हणजे धान्याची व्यवस्था. भिंतीत बांधून काढलेले बळद आणि जमिनीखाली खणलेले पेव. बळदाला वरून धान्य ओतायचे आणि खालच्या छोट्या तोंडातून काढून घ्यायचे. पेवाचे तोंड बंद करून वर सारवले की अनोळखी माणसाला पत्ता लागत नसे. ज्वारी हे केवळ अन्न नव्हते. मजुरी, बलुतेदारांचे वर्षासन आणि बियाणे त्यातूनच जाई. घरात सर्वांत आत दडवलेली वस्तू सोन्याइतकीच धान्यही होती.

११/
या रचनेत एक रेषा स्पष्ट दिसते. ढेलज आणि पुढचा सोपा गावासाठी. माजघर आणि मागचा भाग कुटुंबासाठी. पाटलाच्या वाड्यात ही रेषा अधिक ठळक. ढेलजेत वसुलीचा हिशेब होई, भांडणे मिटवली जात, वाटसरू उतरत, सरकारी माणसाची सोय लागे. गावचा हिशेब लिहिणाऱ्याला वऱ्हाडात पांड्या किंवा पटवारी म्हणत. त्याचे दप्तर बहुधा त्याच्याच घरी. म्हणजे आजच्या भाषेत कार्यालय आणि निवास एकाच छताखाली होते. वाड्याचा पुढचा भाग घराण्याचा की पदाचा, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते, कारण पदच घराण्याचे होते.

१२/
देशमुखांच्या किंवा बड्या पाटलांच्या गावी वाड्याची गढी झाली. उंच टेकाड, पांढऱ्या मातीचा तट, कोपऱ्यांवर बुरूज, एकच दरवाजा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत सैन्यांची ये-जा आणि पेंढाऱ्यांची धाड हे गावाचे नेहमीचे संकट होते. अशा वेळी माणसे, गुरे आणि धान्य गढीत येई. गढीच्या मालकाचा अधिकार गाव मान्य करी, त्यामागे हा आश्रयही होता. संकट सरल्यावरही अधिकार राहिला, ही त्याची दुसरी बाजू.

१३/
आता मालकीकडे वळू. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशिमची नोंद आहे. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाने दख्खनमध्ये पाय रोवले आणि पुढे नागपूरकर भोसले व निजाम या दोघांचाही वऱ्हाडच्या उत्पन्नावर हक्क चालू लागला. एका प्रदेशावर दोन सत्ता, म्हणून दुअंमल. वाशिमचे बालाजी मंदिर भोसल्यांच्या सेवेत मोठ्या पदाला पोचलेल्या भवानी काळू यांनी उभारले, ते याच काळात.

१४/
या काळात मालकी कशाला म्हणत? शेतकऱ्याला हवी होती वहिवाट. मातब्बराला हवे होते वतन. देशमुख-देशपांडे परगण्याचे वतनदार, पाटील-पांड्या गावाचे. वतन म्हणजे पद, त्याचे हक्क, मानपान, इनाम जमीन आणि त्याच्याबरोबर येणारा वाडा. मराठी वतनपत्रांत आणि वाटणीपत्रांत होळीचा मान, पोळ्याचा मान यांच्या शेजारी राहत्या वाड्याचाही उल्लेख येतो. वाडा ही सुटी विकाऊ वस्तू नव्हती. पदाला जोडलेली होती. वतन विभागले की वाडाही विभागला जाई, आणि त्याचे हिस्से आण्यांत मोजले जात : आठ आणे, चार आणे, दोन आणे.

१५/
डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडवरचा हक्क गेला आणि प्रदेश निजामाकडे आला. पुढील पन्नास वर्षांत वसुलीचे मक्ते सावकारांना दिले गेले. पुरणमल आणि पेस्तनजी मेहेरजी ही त्यांतील गाजलेली नावे. मक्तेदाराला गाव टिकण्याशी कर्तव्य नव्हते, वर्षाच्या रकमेशी होते. शेतकरी गाव सोडून जात, जमिनी पडीक पडत. या काळात वाड्याचे खरे संरक्षण कागदाने नाही, तटाने केले.

१६/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. सार्वभौमत्व नावाला निजामाचेच राहिले. आता मोठा प्रश्न आला : जमिनीचा मालक कोण धरायचा? नागपूरकडे मालगुजारी पद्धत लागू झाली. तिथे मालगुजार गावाचाच मालक ठरला. वऱ्हाडातही प्रारंभी तसा विचार झाला, पण तो सोडून मुंबई इलाख्याची रयतवारी स्वीकारण्यात आली. म्हणजे प्रत्येक शेताचा खातेदार वेगळा आणि त्याचा सरकारशी थेट संबंध. नागपूरकडील मालगुजाराचा वाडा आणि वऱ्हाडातील पाटलाचा वाडा दिसायला सारखे असतील; त्यांमागील मालकी मात्र या एका निर्णयाने वेगळी झाली.

१७/
१८६१ पासून वऱ्हाडात मोजणी सुरू झाली. साखळी टाकून शेते मोजली, दगड रोवले, सर्व्हे नंबर दिले, मातीची प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी आकार बसवला. खातेदाराला जमीन वारशाने देण्याचा, विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. काळीचा कागद तयार झाला. पण मोजणीदार गावाशी आला तेव्हा त्याने वस्तीभोवती एक रेषा ओढली आणि आत 'गावठाण' लिहिले. आतील घरे, गल्ल्या, चौक, कोठे यांची मालकीवार मोजणी झाली नाही.

१८/
यात कोणाचे कारस्थान नव्हते. मोजणी महसुलासाठी होती. काळी आकार देत होती, पांढरी देत नव्हती. जिथून सरकारला काही यायचे नाही तिथे सरकार मोजायला कशाला जाईल? शिवाय गावठाणात कोण कुठे राहतो हे गावाला ठाऊकच होते. कागदाची गरज परक्याला असते. ही व्यवस्था गाव लहान, ओळखीचे आणि पाटलाचा शब्द अखेरचा असेपर्यंत चालली.

१९/
मोजणी चालू असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१-१८६५). तिथला कापूस बंद होताच इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडकडे वळल्या आणि भाव चढले. याच दशकात रेल्वे वऱ्हाडात आली. कापसाचा पैसा खेड्यापर्यंत पोचला. मातीच्या भिंतीला पुढून पक्क्या विटांचे तोंड, कोरीव सागवानी खांब, ढेलजेवर माडी, माडीला सज्जा, अशी भर नंतरच्या काळात पडत गेली. आज आपण ज्याला पुरातन वाडा म्हणतो त्याचे दर्शनी अंग पुष्कळदा या कापूसयुगाचे असते. मागचे माजघर त्याहून जुने.

२०/
भाव चढले तसे पडलेही. जमीन आता विकाऊ आणि गहाण पडणारी झाल्याने कर्जापोटी ती सावकाराकडे जाऊ लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी कंबर मोडली. मात्र एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे राहते घर आणि त्याखालची जागा साध्या पैशाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. घर स्वतःहून गहाण टाकले असेल तर गोष्ट निराळी. काळी गेली, पांढरी राहिली, अशी कुटुंबे त्यामुळे गावोगाव दिसतात : वाडा मोठा, शेत दोन एकर.

२१/
येथे कारंज्याचा अपवाद सांगितला पाहिजे. कारंजा ही जुनी व्यापारपेठ. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, इतकी तिची श्रीमंती. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या नावांच्या वेशी तिच्या व्यापाराच्या दिशाच सांगतात. एका हवेलीच्या बांधकामात कस्तुरी मिसळल्याची आख्यायिका तिथे अजून सांगतात. व्यापाऱ्याची हवेली विकली जाई, गहाण पडे, सोडवली जाई. प्रत्येक वेळी दस्त तयार होई. शहराची नगरभूमापन मोजणी झाल्यावर अशा घरांना आखीव पत्रिका मिळाली. खेड्यातल्या वाड्याला यांपैकी काही नाही.

२२/
खेड्यातल्या वाड्याला दस्त नसण्याचे कारण साधे आहे. दस्त व्यवहारातून जन्मतो. वाडा कधी विकलाच नाही, तर खरेदीखत येणार कुठून? बापाकडून मुलाकडे तो वारशाने आला. भावाभावांत वाटणी झाली ती चार पंचांसमोर तोंडी. एकत्र कुटुंबाची तोंडी वाटणी हिंदू कायद्याला मान्य होती. तिला नोंदणी लागत नव्हती. शेताच्या वाटणीचा फेरफार पटवाऱ्याने ओढला. वाड्याच्या वाटणीची नोंद गवंड्याने केली.

२३/
ती नोंद वाचता येते. सोप्याच्या मधोमध उभी असलेली, जुन्या भिंतीत न गुंतलेली पातळ भिंत म्हणजे वाटणी. सहा खणांचा सोपा तीन-तीन खणांत तुटलेला दिसतो. एका चौकात दोन तुळशीवृंदावने म्हणजे दोन घरे. ढेलजेतून न जाता गल्लीकडे फोडलेला नवा दरवाजा म्हणजे भावांतले बोलणे बंद झाल्याची तारीख. वेगळी मांडलेली चूल ही सर्वांत बोलकी खूण. न्यायालये मात्र केवळ वेगळी चूल हा वाटणीचा पुरेसा पुरावा मानत नाहीत. आड आणि देवघर बहुधा सामाईक राहतात.

२४/
दरम्यान वरची सत्ता बदलत राहिली. १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले. १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडून वाशिम व मंगरूळ तालुके अकोल्याला आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. वऱ्हाडचा १८९६ चा जमीन महसूल कायदा, मध्य प्रदेशची १९५४ ची संहिता, महाराष्ट्राची १९६६ ची संहिता : दरवेळी काळीची दप्तरे नव्याने मांडली गेली. पांढरी रेषेच्या आत तशीच राहिली.

२५/
स्वातंत्र्यानंतर वाड्याचे पद गेले. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला केला. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत महसुली पाटीलकी रद्द झाली. वसुली तलाठ्याकडे गेली, दाखले ग्रामपंचायतीत मिळू लागले. लोकशाहीच्या दृष्टीने हे आवश्यक आणि न्याय्य होते. वास्तूच्या दृष्टीने ढेलज रिकामी झाली. ज्या कामासाठी ती बांधली होती ते कामच उरले नाही. तिथे कापसाचे गाठोडे, सोयाबीनची पोती आणि पुढे मोटारसायकल आली.

२६/
ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी नमुना ८ ही नोंदवही ठेवली. गावकरी तिलाच मालकीचा उतारा समजू लागले. परंतु ती कर आकारणीची नोंद आहे; कर कोण भरतो हे ती सांगते, मालक कोण हे नाही. थोरल्या भावाच्या नावावर घरपट्टी असली म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाही. आणि या नोंदीत बहिणीचे नाव बहुधा नसतेच. इथे या इतिहासाचा सर्वांत दुखरा भाग येतो.

२७/
१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस केले. पण त्याच कायद्यात कलम २३ होते. घरात कुटुंब राहत असेल, तर पुरुष वारसांनी वाटणी करायचे ठरवीपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा विभक्त मुलीला राहण्याचा हक्क होता, एवढेच. म्हणजे शेतात तिचा हिस्सा कायद्याने मान्य. पण ज्या माजघरात ती जन्मली त्यात भाऊ म्हणतील तेव्हा.

२८/
महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले. मात्र आधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला आणि कलम २३ ही रद्द झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुलीचा हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. कायदा पूर्ण झाला. व्यवहारात मात्र हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत चालूच आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही दिली जाते.

२९/
ज्यांचा वाडाच नव्हता त्यांचे काय? गावात मजूर होते, बलुतेदार होते, वेशीबाहेर ठेवलेल्या जातींच्या वस्त्या होत्या. पांढरीला कागद नव्हता याचा अर्थ सर्वांना सारखा नव्हता. पाटलाच्या कब्ज्याला त्याच्या पदाचा आधार होता. मजुराच्या झोपडीला गावाच्या मर्जीचा. कागद नसणे बलवानाला परवडते. दुबळ्याला एका भांडणात जागा सोडावी लागते. जुन्या व्यवस्थेविषयी हळहळताना हे विसरू नये.

३०/
आता धाब्याकडे परत येऊ. दरवर्षी माती टाकायची, पण टाकायची कोणी? चार आणे हिस्सा पुण्यात, दोन आणे नागपुरात, चार आणे गावात आणि उरलेल्यांचे वारस ठाऊक नाहीत. गावात राहणारा म्हणतो, सगळ्यांच्या घराला मी एकट्याने का खर्च करू? बाहेरचा म्हणतो, राहतो तोच करील. बँक कर्ज देत नाही, कारण मालकीचा कागद नाही. तीन पावसाळ्यांत तुळई कुजते. मग कोरीव खांब जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जातो आणि भिंतीची पांढरी माती शेतात टाकायला किंवा लिंपायला नेली जाते. वाडा पडतो तो बहुधा म्हातारपणाने नाही, सामाईकपणाने.

३१/
२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. गावठाणातील घरांच्या हद्दींवर चुन्याची फक्की मारायची, वरून ड्रोनने छायाचित्रे घ्यायची, नकाशा करायचा, चौकशी करून हरकती ऐकायच्या आणि प्रत्येक धारकाला मिळकत पत्रिका द्यायची. १८६१ नंतर मोजणीदाराने जी रेषा ओढून आत पाहिले नव्हते, ती रेषा आता ओलांडली जात आहे. पांढरीला प्रथमच कागद मिळतो आहे, आणि तो वाड्यालाही आहे, मजुराच्या दोन खणांनाही.

३२/
ड्रोनला भिंत दिसते, नाते दिसत नाही. छतावरून वाडा एक दिसेल. आत पाच हिस्से असतील. पत्रिकेवर कोणाचे नाव लागते, यावर पुढच्या शंभर वर्षांची मालकी ठरणार आहे. जो त्या दिवशी गावात हजर, त्याचे नाव लागणे सोपे. पुण्याचा भाऊ, सासरी गेलेली बहीण, विधवा काकू यांची नावे राहून जाणे त्याहून सोपे. इतकी वर्षे नोंद नसल्याने जो अन्याय झाकलेला होता, तो चुकीच्या नोंदीने पक्का होऊ शकतो.

३३/
म्हणून आपल्या गावी वाडा असेल तर काही कागद आजच शोधावेत. नमुना ८ चे जुने उतारे, घरपट्टीच्या पावत्या, पंचांसमोरचे वाटणीपत्र, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, आणि वारस ठरवण्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नकला. मोडीतील कागद असेल तर तो वाचून घ्यावा; रद्दीत देऊ नये. वाड्याचा खणांसह साधा नकाशा काढावा आणि कोणती भिंत कधी पडली, कोणती कोणी घातली, हे घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून लिहावे. त्या व्यक्ती बहुधा आजी किंवा आत्या असतात; त्यांना घर आठवते, कारण सारवले त्यांनी.

३४/
चौकशीची नोटीस निघाली की बहिणींनाही कळवावे. हक्क घ्यायचा की सोडायचा हे त्यांनी ठरवावे. पण नाव न विचारता वगळले जाऊ नये. वाडा राखणे सर्वांना जमेल असे नाही, काही वाडे पडतीलच. निदान तो कोणाचा होता हे तरी यावेळी पूर्ण लिहिले जावे.

३५/
आपल्या गावच्या वाड्यात ढेलज, बळद, पेव यांना काय म्हणत, आणि वाटणीची भिंत कुठे आहे, हे अवश्य लिहावे.